विजयाताईंचं सँ-पिएर

गुल खान हा उम्म अल कुवैनमधल्या त्या जुन्या इमारतीचा वॉचमन. त्याने मला याआधी एकदाच फोन केला होता, विजयाताईंच्या एसीतून खालच्या मजल्यावर पाणी गळत होतं तेव्हा. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मोबाइलवर त्याचं नाव दिसलं तेव्हा मला आधी एसीच आठवला. अन्वीची शाळेची बस नुकतीच गेली होती, गॅसवर चहा उकळत होता. "बाजी, आप आ जाओ," तो म्हणाला. "मादाम दरवाजा नहीं खोल रही. कल का दूध भी बाहर पडा है." मग हळूच म्हणाला, "पुलिस को मैंने बोल दिया है, बाजी." मी गॅस बंद केला, नितीनला ऑफिसात फोन केला आणि गाडी काढली. आम्ही आता मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. तिथून उम्म अल कुवैन म्हणजे अबू धाबी मागे टाकायचं, अख्खं दुबई ओलांडायचं, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि मग एकदाचा तो रिकामा, सपाट रस्ता लागतो. एरवी त्या रिकाम्या रस्त्यावर आलं की मला हलकं वाटायचं. त्या दिवशी तो संपूच नये असं वाटत होतं.

मी पोचले तोवर दार उघडलेलं होतं. विजयाताई रात्री झोपेतच गेल्या होत्या. एक तरुण पोलीस अधिकारी पॅसेजमध्ये उभा होता, वागायला अगदी अदबशीर. "आर यू द डॉटर?" त्याने विचारलं. मी मैत्रीण आहे म्हटल्यावर त्याने मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि विचारलं, "हर फॅमिली?" साधाच प्रश्न होता. मी त्यांच्या मोबाइलमधले दोन नंबर काढून दिले. एक पुण्याचा, 'दादा' नावाने साठवलेला. दुसरा पाचशे आठने सुरू होणारा, 'ओदिल' नावाचा. तो कोड कुठल्या देशाचा, हे त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. "फ्रान्स," मी म्हटलं. मग म्हटलं, "पण फ्रान्समधला नाही. कॅनडाजवळचा." त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि मला उगाचच विजयाताईंचं हसू आठवलं. आयुष्यभर त्यांना हेच स्पष्टीकरण द्यावं लागलं होतं.

आमची ओळख उम्म अल कुवैनच्या मासळीबाजारात झाली. मी लग्न होऊन ठाण्याहून आलेली. नितीन तिथल्या इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशन कंपनीत होता, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. अन्वी कडेवर होती. दिवसचे दिवस मी तिच्याशी आणि टीव्हीशी बोलायचे. त्या दिवशी मी एका मल्याळी विक्रेत्याशी सुरमईवरून हिंदीत घासाघीस करत होते. पंधरा दिरहॅमला दे म्हणत होते आणि मनातल्या मनात रुपये करत होते. तेवढ्यात मागून स्वच्छ पुणेरी आवाज आला, "घेऊ नकोस. डोळे बघ तिचे, कालची आहे." मी वळून पाहिलं. बारीक कापलेले करडे केस, पुरुषी शर्ट, पँट, पायात रबरी बूट. कपाळ मोकळं. मी इतकी गांगरले की नमस्कार म्हणायच्या ऐवजी 'हॅलो' म्हणाले. "हॅलो काय?" त्या म्हणाल्या. "मराठी आहेस ना?" सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरात वाढलेली ही बाई मासा ओळखायला कुठे शिकली, ते मला पुढे हळूहळू कळत गेलं.

विजयाताई मूळच्या करंदीकर. पुण्यात फ्रेंच शिकल्या, शिष्यवृत्ती मिळवून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गेल्या आणि तिथे त्यांना एत्येन भेटला. तो बोटीवरचं इंजिन चालवायला शिकण्यासाठी आला होता, आणि तोही परका होता. भाषा फ्रेंच, पासपोर्ट फ्रेंच, पण गाव अटलांटिकच्या पलीकडे. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला दोन-तीन खडकाळ बेटं आहेत. उत्तर अमेरिकेतल्या फ्रान्सच्या साम्राज्यातलं तेवढंच उरलेलं. त्यातल्या धाकट्या बेटावर सँ-पिएर नावाचं बंदर. लग्न ठरवून विजयाताईंनी घरी पत्र टाकलं. वडिलांनी उत्तर पाठवलं नाही, मोठ्या भावाने एकच ओळ पाठवली, की यापुढे पत्र पाठवू नये. त्या एत्येनबरोबर सँ-पिएरला गेल्या. "मी नकाशा पाहिला होता," त्या सांगायच्या, "पण नकाशात वारा नसतो."

त्या गावाबद्दल त्या बोलायला लागल्या की मला समोरचं वाळवंट दिसेनासं व्हायचं. लाल, पिवळी, निळी लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी, कारण वाऱ्यात एकट्या घराचा निभाव लागत नाही. प्रत्येक घराच्या दाराला रस्त्याच्या बाजूने एक छोटी लाकडी खोली जोडलेली. माणूस उभा राहील एवढीच. आधी तिच्यात शिरायचं, मागचं दार लावायचं, अंगावरचं बर्फ झटकायचं आणि मगच आतलं दार उघडायचं. उन्हाळा आला की काही लोक ती खोली चक्क काढून ठेवतात. झाडं म्हणावीत अशी नाहीत. दफन करायला खोल माती नाही, म्हणून थडगी जमिनीच्या वर बांधलेली. आणि धुकं... जून-जुलैत असं धुकं की बंदरातली बोट आवाजावरून ओळखायची. सगळं गाव मिळून आपल्या एखाद्या सोसायटी-कॉलनीएवढं. पण सकाळी बेकरीत पॅरिससारखाच पाव, पोस्टात फ्रान्सचे शिक्के, चौकात फ्रान्सचा झेंडा.

सासूचं नाव मादलेन. ती समोरच्या छोट्या बेटावर जन्मलेली, जिथे आता कोणीच राहत नाही. एक चर्च, काही घरं आणि किनाऱ्यावर गंजत पडलेलं एक जहाज. तिच्या लहानपणी त्या बेटावरच्या बायका-मुलं दिवसभर दगडगोट्यांच्या मैदानात कॉड मासे वाळायला पसरायची, पालटायची, पावसाची चाहूल लागली की धावत जाऊन ढीग करायची. पुढे तिथलं एकेक कुटुंब बंदरात राहायला आलं. मादलेन पहिला हिवाळाभर सुनेशी बोललीच नाही. नंतर एक दिवस तिने विजयाताईंच्या हातात सुरी दिली आणि मासा कसा चिरायचा ते दाखवलं. शब्द नाही, फक्त हात. "पहिल्या माशाला मी रडले," विजयाताई म्हणायच्या. "दहाव्याला नाही." घरच्या आमटीची आठवण आली की त्या कॅनडाहून आलेली मसूर शिजवायच्या, आणि आमसूल कुठलं मिळणार, म्हणून अंगणातल्या रुबार्बचे आंबट देठ घालायच्या. मादलेनला ती आमटी आवडायला लागली. शेवटी शेवटी तीच रविवारी विचारायची, तुझं ते पिवळं सूप आज करणार का?

मला वाटतं, विजयाताई माझ्या खऱ्या अर्थाने झाल्या त्या नितीनची कंपनी बंद पडली त्या वर्षी. एका दुपारी मालकाने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, खलास. व्हिसा रद्द झाला की महिनाभराची मुदत असते, तेवढ्यात दुसरी नोकरी नाही तर सामान बांधायचं. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नेहमीसारखी वाडग्यात काळी कॉफी दिली. धीर वगैरे देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या खिडकीशी बसून सँ-पिएरची गोष्ट सांगायला लागल्या. अमेरिकेत दारूबंदी झाली तेव्हा त्या गावाचं नशीब एका रात्रीत फिरलं. कॅनडाहून, युरोपातून दारू कायदेशीर यायची, सँ-पिएरच्या गोदामांत भरायची आणि तिथून अंधारात अमेरिकेच्या किनाऱ्याला जायची. मासेमारी सोडून सगळे पेट्या उतरवायला लागले. मादलेनचे वडीलसुद्धा. गावात इतकी लाकडी खोकी साचली, की लोकांनी त्यांची घरं बांधली, चुली पेटवल्या. "आणि मग?" मी विचारलं. "मग एक दिवस अमेरिकेने दारूबंदी उठवली. खलास. तुमच्यासारखंच." त्या कॉफी प्यायल्या. "लोकांनी जाळी काढली, शिवली आणि परत समुद्रावर गेले. त्याआधी तर इंग्रजांनी गावच जाळलं होतं, माणसं बोटींत भरून फ्रान्सला हाकलली होती. एकदा नाही, कितीदा. दर वेळी तह झाला की परत यायची आणि त्याच खडकावर घर बांधायची."

"म्हणजे सगळं ठीक होतं शेवटी?" मी म्हटलं.

"मी असं कुठे म्हटलं?" त्या म्हणाल्या. "परत यायची एवढंच म्हटलं."

नितीनला इन्शाल्ला-इन्शाल्ला करत मुदत संपता संपता नोकरी मिळाली. पण माझ्या लक्षात राहिली ती दुपार. कारण पुढची गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली, आणि ती त्यांची स्वतःची होती. कॅनडा आणि फ्रान्समध्ये समुद्रावरून भांडण लागलं. निकालात सँ-पिएरच्या वाट्याला दक्षिणेकडे जाणारी पाण्याची एक लांबट, अरुंद पट्टी आली. गावकरी तिला पावाची लांब काठी म्हणायचे. त्याच सुमाराला कॉड इतका घटला होता की त्याची मासेमारीच बंद करावी लागली. चार-पाचशे वर्षं ज्या माशासाठी माणसं त्या खडकावर राहिली, तो मासाच नाही. "बंदरात बोटी होत्या, माणसं होती, दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. एत्येन सकाळी उठून बूट घालायचा आणि खुर्चीत बसायचा. बूट घालूनच." काही महिन्यांनी कोणीतरी सांगितलं, आखातात तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटींवर इंजिनवाले हवे आहेत. एत्येन अबू धाबीला आला. वर्षभराने विजयाताई आल्या. दुबईत राहायचं सोडून त्यांनी उम्म अल कुवैन निवडलं. तिथे खाडी होती, मासेमारीच्या होड्या होत्या, आणि संध्याकाळी रस्त्यावर कोणी नसायचं. त्यांनी शारजातल्या एका शाळेत फ्रेंच शिकवायला सुरुवात केली.

एत्येनला मी कधी पाहिलं नाही. मी यायच्या थोडं आधी तो बोटीवरच हृदयविकाराने गेला. विजयाताई त्याला घेऊन सँ-पिएरला गेल्या. घराण्याचं थडगं होतं, त्यात त्याला ठेवलं. काही दिवसांनी मादलेन त्यांना तिथे घेऊन गेली. दगडावर एत्येनचं नाव नवं कोरलेलं होतं, आणि त्याच्या खाली विजयाताईंचं. जन्माचं वर्ष, एक छोटी रेघ आणि पुढे मोकळी जागा. तिकडे अशी पद्धत असते. मादलेनला वाटलं होतं, सून खूश होईल. "मी तिला मिठी मारली," विजयाताई म्हणाल्या. "आणि पंधरवड्यात परत आले." मी विचारलं, का? तिथे तुमची माणसं होती. "मला तिथे मरायला जागा होती गं. जगायला नव्हती. नोकरी नाही, नवरा नाही, आणि गावातली एकुलती एक हिंदुस्थानी. प्रत्येक खिडकीतून कोणीतरी कीव करत बघणार. इथे कोणी बघत तरी नाही."

इथे खरंच कोणी बघत नसे. दर दोन वर्षांनी व्हिसाची धाकधूक, शाळा, घर, मासळीबाजार. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मी एकदा ओढून नेलं, तर त्यांनी आरतीतले चुकलेले उच्चार मोठ्याने दुरुस्त केले. पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. त्या प्रेमळ होत्या असं मी लिहिलं तर त्यांच्या विद्यार्थ्यांना हसू येईल. अन्वी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे फ्रेंच शिकली आणि एकदाही तिला 'छान' ऐकायला मिळालं नाही. "शी जस्ट सेज, ऑन्कोर," अन्वी तक्रार करायची. ऑन्कोर म्हणजे पुन्हा एकदा. आमच्या घरात आम्ही मराठीत बोलायचो आणि अन्वी इंग्रजीत उत्तर द्यायची, इथल्या सगळ्याच मुलांसारखी. विजयाताईंकडे मात्र ते चालत नसे. फ्रेंचमध्ये अडलीस तर मराठीत सांग, असा नियम होता. इंग्रजीला तिथे प्रवेश नव्हता. मला तेव्हा तो त्यांचा हट्टीपणा वाटायचा.

मग नितीनची बदली मुसफ्फाला झाली आणि आम्ही अबू धाबीला आलो. दर आठवड्याचं भेटणं महिन्यावर गेलं. फोनवर त्या थोडकंच बोलायच्या. "जेवलात का?" "हो." "काय केलंत?" "काहीतरी." एकदा मी त्यांना विचारलंच, की तुमचं काही झालं तर... "तर काय," त्या म्हणाल्या. "कुठेही ठेवा. मला कळणार थोडंच आहे." आणखी कधीतरी, खाडीवर बसलेलो असताना आपणहून म्हणाल्या, "आई-बाबांना मुळा-मुठेच्या संगमावर सोडलं म्हणे दादाने." एवढंच. त्याचा अर्थ काय लावायचा, मला समजलं नाही.

पोलिसांनी, मग फ्रेंच कॉन्सुलेटने जवळच्या नातेवाइकाची सही मागितली. मी पुण्याला फोन केला. चाळीसेक वर्षांत त्या भावाबहिणीत किती बोलणं झालं होतं मला माहीत नाही. आई गेली तेव्हा एकदा आणि दिवाळीला दोन-तीन वाक्यं, एवढं त्या सांगायच्या. पलीकडे आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. मी सांगितलं. "कुठे यायचं?" त्यांनी विचारलं. ओदिल म्हणजे एत्येनची बहीण. अन्वीने तिला फोन केला तेव्हा ती रडत म्हणाली, तुमच्यात जे करतात ते करा, मग आपण बोलू.

विजयाताईंचे दादा, अरविंदकाका, दुबई विमानतळावर एक लहान बॅग घेऊन बाहेर आले. बँकेतून निवृत्त झालेले, विधुर, ताठ पण पावलं जपून टाकणारे. नाक आणि कपाळ हुबेहूब विजयाताईंचं. गाडीत ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती बघत होते. शारजा सुटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ती रोज काय खायची?" मी सांगितलं. मासे, पाव, आमटी. "आमटी करायची?" ते म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. शारजाच्या स्मशानभूमीत त्यांनीच अग्नी दिला. आम्ही तिघं, काका आणि गुल खान, एवढेच होतो. गुल खान दाराबाहेर चपला काढून उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विजयाताईंच्या घरी बसलो. काकांचं म्हणणं स्पष्ट होतं. अस्थी पुण्याला न्यायच्या, संगमावर, जिथे आई-बाबांच्या सोडल्या तिथेच. "तिला आपल्या माणसांत आणून सोडतो," ते म्हणाले. मी काय बोलणार? रक्ताचं नातं त्यांचं. पण दगडावरचं ते नाव माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी म्हटलं, ओदिलशी एकदा बोलून घेऊया. अन्वीने लॅपटॉप उघडला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर एक रुंद चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची बाई आली. मागे स्वयंपाकघर आणि खिडकीत बर्फ. काका खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांनी हात जोडले. ओदिलनेही हात जोडले, जरा चुकीच्या उंचीवर.

ओदिल भराभर बोलायला लागली. अन्वी ऐकायची आणि सांगायची, "शी सेज, व्हेन विजया फर्स्ट केम..." दोन-तीन वाक्यं झाली आणि काकांनी हात वर केला. "बाळ," ते म्हणाले, "इंग्रजी मला येतं. पण हे मला मराठीत सांग."

अन्वीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणेल. पण ती क्षणभर थांबली आणि अडखळत सुरू झाली. "ती म्हणते... विजया पहिल्यांदा आली तेव्हा तिचे हात सगळे... सोलले होते. मिठामुळे. पण ती कोणाला दाखवायची नाही." ओदिल बोलत राहिली. "मग एकदा पुण्याहून पत्र आलं. तिच्या मैत्रिणीचं. त्यात होतं की तिचे बाबा गेले. म्हणजे... खूप आधी गेले होते. हिला कोणी सांगितलंच नव्हतं." काकांचे हात गुडघ्यांवर होते. ते हलले नाहीत. अन्वीला काही माहीत नव्हतं, ती शब्द शोधण्यात गुंतली होती. "एत्येन समुद्रावर होता. मार्च महिना, खूप थंडी. विजयाने एका माणसाला समोरच्या बेटावर सोडायला सांगितलं. तिथे कोणी राहत नाही. मादलेन म्हणाली मी पण येते. विजया पाण्याजवळ बसली. मादलेनला माहीत नव्हतं हिंदू लोक काय करतात, म्हणून ती तिची जपमाळ घेऊन बाजूला बसली. दगडांवर. संध्याकाळपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत. नंतर मादलेन आजारी पडली, न्यूमोनिया झाला. पण ती कधी बोलली नाही की तुझ्यामुळे."

काका म्हणाले, "मीच कळवलं नव्हतं." ते मला म्हणाले की पडद्याला, कळलं नाही. "बाबांनी जाताना सांगितलं होतं, तिला कळवू नकोस. मी ऐकलं... हे तिला सांगू नकोस, बाळ." अन्वीने मान हलवली. ओदिल काहीच न कळता वाट बघत होती. मग काकांनी घसा साफ केला. "विचार तिला, विजू माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

अन्वीने विचारलं. ओदिल एकदम हसली आणि हातांनी हँडल धरल्यासारखं करून दाखवायला लागली. अन्वीही ऐकता ऐकता हसली. "ती म्हणते, हो, खूपदा. तुम्ही तिला सायकल शिकवली होती ना? सँ-पिएरमध्ये एवढा वारा असतो की कोणी सायकल चालवत नाही. विजया चालवायची. बाजारात, बंदरावर, सगळीकडे. लोक खिडकीतून बघायचे, आता पडेल, आता पडेल. आणि ती म्हणायची..." अन्वी थांबली, तिने शब्द जुळवले. "ती म्हणायची, मला माझ्या भावाने शिकवलंय, मी पडत नाही."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालाने पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, त्या दगडावर नक्की काय लिहिलंय? ओदिलने मोबाइलमधला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. अक्षरं बारीक होती. अन्वी पडद्याजवळ वाकली. "विजया. मग एत्येनचं आडनाव. मग लिहिलंय 'ने'... म्हणजे जन्माने. जन्माने करंदीकर." तिकडे बाईच्या नावापुढे माहेरचं आडनाव लिहायची रीत आहे. मला ते माहीत नव्हतं, विजयाताईंनीही कधी सांगितलं नव्हतं.

"आमचं आडनाव?" काका म्हणाले. "तिथे?"

"हो," अन्वी म्हणाली.

काका उठले, खिडकीपाशी गेले. खाडीवर ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. परत आले ते उभ्यानेच म्हणाले, "तिथेच जाऊ दे तिला. तिला सांग, मी पाठवतो म्हणावं." आणि अन्वीने ते फ्रेंचमध्ये सांगितल्यावर ओदिलने पुन्हा हात जोडले.

ओदिलचा मुलगा फ्रान्समध्ये ब्रेस्टला असतो. तो दोन दिवसांसाठी आला आणि कलश घेऊन गेला. काका तोपर्यंत थांबले. त्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर घर आवरलं. आवरण्यासारखं फार नव्हतं. ते विजयाताईंच्या खाटेवर झोपायचे, सकाळी खाली जाऊन गुल खानशी मोडक्या हिंदीत बोलायचे, खाडीपर्यंत चालून यायचे. जाताना त्यांनी काहीच नेलं नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "माझ्यामागे आवरायला कोण आहे, मेघना?" घर मालकाला परत दिलं. मार्चमध्ये ओदिलने फोटो पाठवला. छोट्या रेघेच्या पुढे आता वर्ष आहे.

मी अबू धाबीत आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून जावं असं ठिकाण आता त्या बाजूला नाही. कधी मराठीत पटकन कोणाशी तरी भांडावंसं वाटतं, आणि फोन हातात घेतल्यावर लक्षात येतं. नितीन समजूतदार आहे, पण त्याला माझे उच्चार चुकलेले चालतात.

ओदिलने अन्वीला एक लिंक पाठवली होती. सँ-पिएरच्या बंदरावर एक कॅमेरा बसवलेला आहे, कोणालाही इंटरनेटवर बघता येतो. धक्का, दोन-चार बोटी, मागे रंगीत घरं. अन्वीने ती काकांना पाठवली, पण त्यांच्या जुन्या मोबाइलवर ते चित्र काही उघडत नाही. म्हणून आता दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, माझ्यासाठी नाही, अन्वीसाठी. ती लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसते आणि त्यांना जे दिसतंय ते सांगते. एक लाल बोट आत आली. एक माणूस कुत्र्याला फिरवतोय. आज ऊन आहे. हे सगळं मराठीत. एखादा शब्द अडला की काका सांगतात आणि ती तो पुन्हा म्हणते. मी स्वयंपाकघरात असते, मला ऐकू येतं. परवा ती म्हणाली, "काका, आज काहीच दिसत नाहीये. नुसतं धुकं आहे." मला वाटलं, ते म्हणतील मग पुढच्या रविवारी बोलू. पण अन्वीने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने मी बाहेर डोकावले. फोन स्पीकरवर होता, लॅपटॉपचा पडदा पांढराफट्ट. दोघंही बोलत नव्हते.

"आहे का अजून?" पुण्याहून आवाज आला.

"हो, आहे," अन्वी म्हणाली.

"असू दे. बसू जरा."